विद्युत् वाहिन्यांची क्षमतावृद्धी, उपरी

उभ्या असलेल्या मनोऱ्यांवरून, नवा मार्ग न आखता, अधिक वीज वाहून नेण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. उपरी वाहिनीची क्षमता तारेचे तापणे, दोन टोकांमधील दाबाची घट आणि जोडलेल्या जनित्रांचे स्थैर्य या तीन गोष्टींनी मर्यादित होते. आखूड वाहिनीत पहिली, तर लांब वाहिनीत इतर दोन मर्यादा आधी आड येतात. नेमकी कोणती आड येते हे न ओळखता केलेला खर्च वाया जातो.

महाराष्ट्रात प्रथम दाब वाढविण्याचा मार्ग अवलंबिला गेला. टाटा जलविद्युत् कंपनीने १९१५ मध्ये खोपोली येथील वीज सु. ७० किमी. अंतरावरील मुंबईस १०० किव्हो. दाबाने आणली. हे जाळे पुढे ११० किव्हो. दाबावर चालू लागले. अशा वाढीमुळे तेवढ्याच प्रवाहात १० टक्के अधिक शक्ती वाहून नेता येते. शक्ती तेवढीच ठेवल्यास तारेतील व्यय सु. १७ टक्क्यांनी घटतो. दाब दुप्पट करावयाचा झाल्यास मात्र निरोधकमाला, तारांमधील अंतर व जमिनीपासूनची उंची ही सारीच बदलावी लागतात. कोयनेची वीज मुंबईस नेण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात २२० किव्हो.च्या नव्या वाहिन्या उभारण्यात आल्या. अशा वाहिनीस ३५ मी. रुंदीचा पट्टा लागतो. दाट वस्तीतून वा बागायतीतून तो मिळणे पुढे दुष्कर झाले व जुन्या मनोऱ्यांचे मोल वाढले.

पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियम तार सामान्यतः ६५° ते ७५° से. पर्यंतच तापू देतात. त्याहून तापल्यास तिचा झोल वाढतो आणि २२० किव्हो. वाहिनीखाली आवश्यक असलेली सु. ७ मी. मोकळी उंची उरत नाही. म्हणून एकविसाव्या शतकात मुंबई परिसरातील काही वाहिन्यांवर कमी प्रसरण पावणाऱ्या गाभ्याच्या व सु. १५०° से. वा अधिक तापमान सोसणाऱ्या तारा बसविण्यात आल्या. अशी तार जवळजवळ दुप्पट प्रवाह नेऊ शकते; परंतु व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तोही सु. चौपट होतो.

ग्रामीण भागातील प्रश्न निराळा आहे. जवळा बाजार (औंढा नागनाथ तालुका, हिंगोली जिल्हा) यासारख्या बाजारगावाच्या परिसरात कृषिपंपांचा भार रब्बी हंगामात चढतो. तेव्हा हवा थंड असल्याने तारेचे तापणे सहसा अडसर ठरत नाही. लांबलचक ११ किव्हो. वाहिनीच्या शेवटी दाब उतरतो, पंप पाणी ओढत नाहीत व मोटारी जळतात. तेथे उच्च तापमान सोसणारी तार निरुपयोगी होय. जाड तार, धारित्रे आणि वाहिनीची लांबी कमी करणारे जवळचे उपकेंद्र हेच तेथील उपयुक्त उपाय होत.