घेरी कशाने येते?
घेरी येऊन पडणारा माणूस दुबळा किंवा ढोंगी, ही समजूत फार जुनी. मूर्च्छेत नाडी मंदावते, म्हणून दोष हृदयावर टाकणेही सोपे होते. 1932 साली ब्रिटिश डॉक्टर टॉमस लुईस यांनी अ‍ॅट्रोपीन टोचून नाडी वाढविली, पण रक्तदाब खालीच राहिला. म्हणजे मुख्य दोष सैलावलेल्या रक्तवाहिन्यांचा! 1944 साली, ऐन युद्धात, ब्रिटिश संशोधकांनी स्वयंसेवकांचे रक्त काढून पाहिले. घेरीच्या क्षणी स्नायूंतील वाहिन्या रुंदावतात, हे मोजमापाने ठरले.

आम्हा यंत्रमागवाल्यांना हे नीट समजावे. उकाड्यात पाळीभर उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते. पडलेल्याला आपण उठवून बसवतो, कांदा हुंगवतो. निजवून पाय वर धरावेत, हेच खरे. (छातीत दुखत असेल तर मात्र थेट दवाखाना.) एका कारखान्यात असा पडलेला गडी ‘फिटवाला’ म्हणून घरी बसविला गेला, त्याच्यासाठी आम्ही महिनाभर भांडलो.

उभ्याने काम करणाऱ्यांना मधूनमधून बसण्याची सोय द्या, असे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 44 व्या कलमाने सांगितले होते. असे बाक आम्ही पाहिले आहेत; त्यांवर बहुधा सुताची पोती असत.