यादीतले नाव आणि अपिलाचा हक्क



नगर तालुक्यातील हिवरे बाजार म्हटले, की बांधबंदिस्ती आणि ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद आठवतो. या दुष्काळी मुलुखात पाण्याइतकाच जुना आणखी एक प्रश्न आहे. दुष्काळात धडधाकट माणूस खडी फोडायला जाई. पण ज्याचे पाय गेले, ज्याची दृष्टी गेली, त्यानं काय करायचं?

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८८० साली आला आणि त्यातून दुष्काळसंहिता तयार झाल्या. धडधाकटांना काम आणि अशक्तांना फुकट मदत, अशी त्यांत विभागणी होती. अशक्तांची यादी गावकामगार करीत, वरचे अंमलदार ती तपाशीत. परंतु संहिता म्हणजे अंमलदारांना दिलेल्या सूचना. तो कायदा नव्हता. यादीतून नाव गळले, तर हक्काने दाद मागता येत नसे. मदत ही मेहेरबानी होती.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अंमलात आला. ज्याचे हात चालतात, त्याला कामाचा हक्क मिळाला. ज्याचे चालत नाहीत, त्याच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. तिचा अर्ज तहसील कचेरीत करावा लागतो.

मग सारी भिस्त दाखल्यावर आली. १९९५ च्या कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्वाची अट घातली. २००९ साली केंद्राने सुरू केलेल्या निवृत्तिवेतनाला ८० टक्के लागतात. म्हणजे बघा, डॉक्टरांनी लिहिलेल्या एका आकड्यावर घरची चूल अवलंबून!

आकडा चुकला तर? याचे उत्तर २०१६ च्या कायद्यात आहे. दाखला नाकारला, किंवा टक्के कमी लिहिले असे वाटले, तर राज्य सरकारने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनी त्याला ९० दिवसांची मुदत ठेवली आणि नकाराचे कारण लेखी देण्याचे बंधन घातले. अर्जदार अज्ञान असेल, तर पालकाला अपील करता येते. मात्र दाखल्याचे अपील वेगळे आणि तहसील कचेरीने अनुदान नाकारल्याची तक्रार वेगळी. त्यांची गल्लत करू नये. दोन्हीकडे लेखी उत्तर मागून घ्यावे.

पुष्कळ माणसे तोंडी "नाही" ऐकूनच घरी परततात आणि ९० दिवस तसेच निघून जातात. इथे गुरुजींचे काम आहे. आलेला कागद वाचून दाखवावा, त्यावरची तारीख पाहावी, दिवस मोजावेत. जे गाव पाण्याच्या थेंबाचा हिशेब चारचौघांत मांडते, त्याच्यासारखा या अर्जांचाही हिशेब प्रत्येक ग्रामसभेने मांडावा: अर्ज कोणी केला, उत्तर काय आले, मुदत केव्हा संपते. दीडशे वर्षांपूर्वी यादीतून गळलेल्या माणसाजवळ असा कागद नव्हता. आज तो मिळू शकतो. तो मागितला मात्र पाहिजे.