अल्पकालिक प्रकाशस्पंद : निर्मितीची तिथी आणि पुराव्याची तिथी

एखादी वस्तू प्रथम अस्तित्वात आली ती तिच्या शोधाची तिथी मानावी, की ती वस्तू तीच आहे असे ज्या दिवशी सिद्ध झाले तो दिवस शोधाचा मानावा? शास्त्रांच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उद्भवतो. परंतु सामान्यतः या दोन घटनांमध्ये फारसे अंतर नसल्याने त्याची चर्चा कोणी करीत नाही. लेसरपासून मिळणाऱ्या अत्यल्पकालिक प्रकाशस्पंदांच्या इतिहासात मात्र हे अंतर एकदा नव्हे, तर अनेकदा पडले आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे या विषयाची जी बखर सर्वत्र सांगितली जाते ती काहीशी एकांगी झाली आहे. तीत दरवर्षी अधिकाधिक आखूड होत जाणाऱ्या स्पंदांची जंत्री असते. ते स्पंद मोजले कसे, आणि मोजणारांवर विश्वास का ठेवावा, याविषयी मात्र एखादे वाक्य असले तर असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे.

आरंभी परिमाणांची ओळख करून घेणे इष्ट होईल. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोसेकंद; त्याचा हजारावा भाग पिकोसेकंद, त्याचा हजारावा फेम्टोसेकंद आणि त्याचाही हजारावा भाग तो ॲटोसेकंद. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर, पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर, तर फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर अंतर तोडतो. काळाचे मोजमाप अशा रीतीने लांबीच्या मोजमापात रूपांतरित करता येते, आणि या क्षेत्रातील जवळजवळ सर्व युक्त्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

थिओडोर माइमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील ह्यूजेस प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर सिद्ध केला. त्यानंतर वर्षभरात मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच जातीच्या लेसरचा सुमारे ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठविला, आणि पलीकडे बरोबर दुप्पट कंप्रतेचा, म्हणजे ३४७ नॅनोमीटरचा, अतिनील प्रकाश अत्यल्प प्रमाणात का होईना, पण मिळतो असे दाखविले. या शोधनिबंधात वर्णपटाची छायाचित्रित पट्टी दिली असून दुप्पट कंप्रतेच्या जागी एक बाण काढलेला आहे. बाण आहे; पण ज्याकडे तो निर्देश करतो तो ठिपका छापील पानावर नाही! छपाईपूर्वी तो धुळीचा डाग समजून पुसून टाकण्यात आला, असे सांगतात. ही हकीकत बहुधा गमतीखातर सांगितली जाते. तथापि तिच्यात आपल्या विषयाचे बीज आहे असे म्हणावयास हरकत नाही. पुरावा इतका क्षीण होता की तो आणि डाग यांत फरक करणे केवळ नजरेला शक्य नव्हते. पुढे हाच परिणाम, म्हणजे स्फटिकातील कंप्रतेचे दुप्पट होणे, आखूड स्पंद मोजण्याचे प्रमुख साधन बनला, हे आपण पाहणारच आहोत.

माइमन यांच्या लेसरचा प्रकाश मिलिसेकंदभर टिके आणि तोही अनियमित झटक्यांनी येई. १९६१-६२ मध्ये हेलवर्थ व मॅक्लंग यांनी लेसरच्या पोकळीतील ऱ्हास काही काळ मुद्दाम वाढवून मग एकाएकी कमी करण्याची पद्धत काढली, आणि स्पंद काही दहा नॅनोसेकंदांपर्यंत आले. येथपर्यंत मोजणीची अडचण नव्हती. खरी अडचण पुढच्या पायरीवर उद्भवली. लेसरच्या पोकळीत एकाच वेळी अनेक कंप्रतांचे तरंग नांदत असतात. त्यांच्या कला एकमेकींशी जखडून टाकल्या, तर ते सर्व एका क्षणी एकमेकांना साहाय्य करतात आणि अन्य सर्व वेळी एकमेकांना नाहीसे करतात. परिणामी अतिशय आखूड स्पंदांची माळ निर्माण होते. १९६४ मध्ये हारग्रोव्ह, फोर्क व पोलक यांनी हे हीलियम-निऑन लेसरमध्ये साधले. १९६६ मध्ये द मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निओडिमियमयुक्त काचेच्या लेसरमध्ये, विशिष्ट रंजकद्रव्याच्या साहाय्याने, तेच अधिक प्रखरपणे करून दाखविले. वर्णपटाच्या रुंदीवरून हे स्पंद काही पिकोसेकंदांचे असावेत असे अनुमान निघत होते. पण अनुमान म्हणजे मोजणी नव्हे. आणि त्या काळातील ऑसिलोस्कोपांना पिकोसेकंदापर्यंत पोहोचण्याचे सामर्थ्य नव्हते.

लोखंड लोखंडानेच कापावे लागते. पिकोसेकंदाचा स्पंद मोजावयास तितकीच आखूड दुसरी वस्तू हवी, आणि अशी वस्तू जगात एकच होती : तो स्पंद स्वतः. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जिओर्डमेन, रेंट्झेपिस आदींनी जी पद्धत प्रसिद्ध केली तिचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. एकाच वेळी दोन फोटॉन शोषल्यावर जो चमकतो असा रंजक द्रवात विरघळवून त्या द्रवात स्पंद परस्परविरुद्ध दिशांनी सोडावयाचे. जेथे ते एकमेकांना भेटतील तेथे तीव्रता वाढेल आणि द्रव अधिक उजळेल. या उजळ रेषेचे बाजूने छायाचित्र घ्यावयाचे आणि तिची लांबी मोजावयाची. पिकोसेकंद म्हणजे मिलिमीटरचा अंश. साधा कॅमेरा पुरतो. बोलबोल म्हणता अनेक प्रयोगशाळांतून उजळ रेषांची छायाचित्रे येऊ लागली आणि पिकोसेकंद-स्पंद ही सिद्ध गोष्ट मानली जाऊ लागली.

येथे जे घडले ते इतिहासकाराने विसरू नये. वर्षभरातच असे दिसून आले की ज्या लेसरमध्ये कला मुळीच जखडलेल्या नाहीत, त्याच्या प्रकाशानेदेखील द्रवात तशीच आखूड उजळ रेषा उमटते! कारण विचारान्ती स्पष्ट आहे. अनेक कंप्रतांचे बेशिस्त मिश्रण म्हणजे क्षणाक्षणाला चढउतार होणारा गोंगाट. आणि गोंगाटसुद्धा स्वतःशी तंतोतंत जुळविला असता त्या एका बिंदूपाशी जुळतोच. म्हणून रेषेचा आखूडपणा हा स्पंदाचा पुरावा होऊच शकत नाही. पुरावा रेषेच्या लांबीत नसून तिच्या उजळपणात आहे. स्पंद शुद्ध व एकटा असेल तर भेटीच्या जागी उजळपणा भोवतालच्या तिप्पट भरतो. निव्वळ गोंगाट असेल तर तो दीडपटच भरतो. छायाचित्राच्या काचेवरील काळेपणावरून हे गुणोत्तर काढणे नाजूक काम असते, आणि आरंभीच्या अनेक प्रयोगांत ते काळजीपूर्वक केलेलेच नव्हते. ते केल्यावर कित्येक ठिकाणी गुणोत्तर तीनपेक्षा पुष्कळच कमी भरले. तेव्हा पिकोसेकंद-स्पंदांचे वर्ष १९६६ की त्यानंतरचे, याचे उत्तर आपण शोध कशाला म्हणतो यावर अवलंबून राहते. माझ्या मते दीड आणि तीन यांतील फरक ज्यांनी जाणला आणि मोजला, त्यांना या इतिहासात आज मिळते त्याहून मोठे स्थान मिळावयास हवे.

याच सुमारास द्रवाऐवजी स्फटिक वापरण्याची पद्धतही पुढे आली. स्पंदाचे दोन भाग करावयाचे, एकाला आरशाच्या साहाय्याने किंचित लांबचा मार्ग द्यावयाचा, आणि दोघांना अशा स्फटिकात एकत्र आणावयाचे की दुप्पट कंप्रतेचा प्रकाश दोन्ही भाग एकाच क्षणी हजर असतील तरच निघावा. आरसा एक मायक्रोमीटर सरकविला की मार्गात सुमारे ६.७ फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. १९६१ मध्ये छापील पानावरून पुसला गेलेला ठिपका अशा रीतीने मोजपट्टी होऊन परतला. या पट्टीच्या आधारे बेल प्रयोगशाळेतील शँक आणि इपेन यांनी १९७४ मध्ये रंजकद्रव्याच्या लेसरपासून पिकोसेकंदाहून आखूड स्पंद मिळविले. १९८१ मध्ये फोर्क, ग्रीन व शँक यांनी शंभर फेम्टोसेकंदांची मर्यादा ओलांडली. आणि १९८७ मध्ये स्पंद ६ फेम्टोसेकंदांवर आला. या पद्धतीतही एक उणीव होती. स्पंद स्वतःशीच ताडून पाहिल्याने त्याचा पुढचा उतार कोणता आणि मागचा कोणता हे कळत नाही. रुंदीचा आकडाही आकार गृहीत धरूनच काढावा लागतो. १९९० नंतर ट्रेबिनो व केन यांनी स्फटिकातून निघालेल्या प्रकाशाचा वर्णपटही प्रत्येक विलंबाला नोंदवून ही उणीव दूर केली.

याच काळातील सर्वाधिक प्रसिद्ध प्रगती म्हणजे डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी रॉचेस्टर विद्यापीठात १९८५ मध्ये केलेला प्रयोग. आखूड स्पंद फार प्रखर केला तर तो वर्धकाची काचच फोडतो; म्हणून त्यांनी तो सुमारे १.४ किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूतून नेऊन आधी ताणला, मग वाढविला आणि शेवटी जाळ्यांच्या जोडीने पुन्हा आवळला. या कार्याचा २०१८ च्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला आणि तो यथायोग्यच आहे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र हे प्रकरण सोपे आहे : निर्मिती आणि पुरावा दोन्ही एकाच निबंधात आहेत. एक गैरसमज तेवढा दूर करावयास हवा. पुढे वर्णिलेली उच्च हार्मोनिकांची घटना या तंत्रामुळेच दिसली असे कधीकधी लिहिले जाते. साक्ले येथील १९८८ च्या प्रयोगातील लेसर या जातीचा नव्हता. त्याचे स्पंद काही दहा पिकोसेकंदांचे होते.

ती घटना अशी. दृश्य किंवा अवरक्त प्रकाशाच्या एका आवर्तनालाच दोन-तीन फेम्टोसेकंद लागतात. तेव्हा त्या प्रकाशाचा स्पंद याहून आखूड होणे शक्य नाही. १९८७ चा ६ फेम्टोसेकंदांचा स्पंद या भिंतीला जवळजवळ टेकला होता. भिंतीपलीकडे जावयाचे तर कंप्रता पुष्कळ वाढवावयास हवी. त्याच वर्षी शिकागो येथे मॅकफर्सन आदींनी अतिनील लेसर निऑन वायूवर सोडून १७ पट कंप्रतेचा प्रकाश पाहिला. पुढच्या वर्षी साक्ले येथे आन लुइलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त लेसरने आर्गॉनमध्ये ३३ पटींपर्यंतचे विषम हार्मोनिक नोंदविले. नवलाची गोष्ट संख्येत नव्हती. जसजशी पट वाढेल तसतशी तीव्रता झपाट्याने घटावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आरंभीच्या काही हार्मोनिकांनंतर ती जवळजवळ सपाट राहिली, पठारासारखी, आणि मग एकाएकी तुटली.

या पठाराचे सुबोध स्पष्टीकरण १९९३ मध्ये मिळाले. ओटावा येथील पॉल कॉर्कम यांनी, तसेच कुलँडर, शेफर व क्राउझ यांनी दाखविले की प्रखर क्षेत्रात इलेक्ट्रॉन अणूतून निसटतो, क्षेत्राबरोबर दूर फेकला जातो, आणि क्षेत्राची दिशा पालटली की परत येऊन आपल्या अणूवर आदळतो. या आदळण्यात मिळविलेली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडते. हे दर अर्ध्या आवर्तनाला घडते. म्हणजे लेसरच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला अति-अतिनील प्रकाशाची ॲटोसेकंदांची एकेक ठिणगी निघत असली पाहिजे. फारकश आणि तोत यांनी १९९२ मध्येच हार्मोनिकांपासून असे स्पंद मिळू शकतील असे सुचविले होते.

आता वाचकाने स्थिती ध्यानात घ्यावी. १९८८ च्या प्रयोगात असे स्पंद निर्माण झाले असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु हार्मोनिकांच्या कला परस्परांशी जुळलेल्या आहेत की नाहीत हे कोणीच पाहिलेले नव्हते, आणि कला जुळलेल्या नसतील तर तो पुन्हा गोंगाटच. १९६७ चा प्रश्न कितीतरी आखूड काळावर येऊन उभा राहिला. जुनी पट्टीही उपयोगी नव्हती, कारण हा क्षीण प्रकाश दुप्पट करू शकेल असा स्फटिक नाही. शिवाय तो हवेतही टिकत नाही.

पुराव्यास आणखी तेरा वर्षे लागली. पिएर आगोस्तिनी यांच्या गटाने नेदरलँड्सच्या मुलर यांच्या सहकार्याने स्फटिकाऐवजी इलेक्ट्रॉनांची साक्ष काढली. हार्मोनिकांनी अणूतून उडविलेले इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठराविक पायऱ्यांवर सापडतात. सोबत मूळ लेसरचा मंद प्रकाश दिला, तर दोन पायऱ्यांच्या मध्ये एक नवी पायरी उमटते, आणि तेथे पोहोचण्यास खालून व वरून असे दोन मार्ग असल्याने विलंब बदलताच तिची उंची कमीजास्त होते. या आंदोलनावरून लगतच्या हार्मोनिकांच्या कलांमधील फरक काढता येतो. २००१ मध्ये लगतच्या पाच विषम हार्मोनिकांच्या कला जुळलेल्या असल्याचे सिद्ध झाले आणि त्यावरून २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची माळ सिद्ध झाली. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे फेरेन्स क्राउस यांच्या गटाने एकच स्पंद वेगळा काढून तो ६५० ॲटोसेकंदांचा असल्याचे दाखविले. २०२३ चे नोबेल पारितोषिक लुइलिए, आगोस्तिनी व क्राउस यांना विभागून मिळाले : एक वाटा घटनेला आणि दोन पुराव्याला, असे त्याचे वर्णन करता येईल. तिघांहून अधिकांना ते देता येत नाही. कॉर्कम यांना त्यात स्थान नाही, जरी २०२२ च्या वुल्फ पारितोषिकात लुइलिए व क्राउस यांच्यासमवेत त्यांचे नाव होते. स्पष्टीकरणाचे मोल पुराव्याहून कमी आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. पण तो वेगळा वाद आहे.

या पट्टीने जे मोजले गेले त्यातही वाद निघालाच. २०१० मध्ये क्राउस यांच्या गटाने निऑनच्या दोन कवचांतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांमध्ये सुमारे २१ ॲटोसेकंदांचे अंतर असल्याचे जाहीर केले. गणिती सिद्धान्ताने येणारे अंतर याच्या निम्म्याच्या आसपास होते, आणि कित्येक वर्षे सिद्धान्त अपुरा आहे असे मानून त्याचा कीस काढला गेला. २०१७ मध्ये लुंड येथे लुइलिए यांच्या गटाने ऊर्जेचे अधिक सूक्ष्म पृथक्करण करून दाखविले की एका कवचातील इलेक्ट्रॉनांच्या मापनात दुसऱ्याच प्रक्रियेतून आलेले इलेक्ट्रॉन मिसळण्याचा संभव होता. ते वेगळे काढताच सिद्धान्त व प्रयोग जुळले. त्याच वर्षी झुरिच येथे ४३ ॲटोसेकंदांचा स्पंद मोजला गेला.

क्ष-किरणांच्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरांपासूनही आता असे स्पंद मिळतात. २०२० मध्ये स्टॅनफर्ड येथील यंत्रावरून काही शतक ॲटोसेकंदांचे, प्रचंड प्रखर स्पंद मिळविल्याचे प्रसिद्ध झाले. या यंत्रातील प्रकाशाचा उगमच इलेक्ट्रॉन-झोताच्या गोंगाटातून होतो, त्यामुळे कोणतेही दोन स्पंद सारखे नसतात आणि हजारो स्पंदांची सरासरी घेऊन भागत नाही. तेथे वर्तुळाकार फिरणाऱ्या लेसर-क्षेत्रात इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेस भिरकावले गेले हे घड्याळाच्या काट्यासारखे वाचून प्रत्येक स्पंदाचे मापन स्वतंत्रपणे करावे लागते.