भाचवंडांची शाळा घरातच : अमेरिकेतील ख्रिस्ती गृहशिक्षण

बहीण दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळते, भावाचा संसार मोडतो, कधी मुलगी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होते. आणि सहा-सात वर्षांची दोन मुले आपले कपडे व खेळणी घेऊन नातेवाइकांच्या दारात उभी राहतात. अमेरिकेत हे दृश्य दुर्मीळ नाही. अफूजन्य औषधांच्या व्यसनाने गेल्या पंचवीस वर्षांत तेथील अनेक कुटुंबांची जी वाताहत केली, तिच्यामुळे आजीआजोबांवर आणि मावशी-काकांवर मुले वाढविण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर येऊन पडली. हे घर श्रद्धाळू ख्रिस्ती असेल आणि त्या घरातील मुले आधीपासूनच शाळेत न जाता घरी शिकत असतील, तर नव्याने आलेल्या मुलांना त्याच टेबलाशी बसवावे, हा विचार साहजिकपणे मनात येतो. तो अमलात आणणे मात्र दिसते तितके सोपे नाही.

गृहशिक्षण, म्हणजे तेथे रूढ असलेले 'होमस्कूलिंग', ही केवळ धार्मिक मंडळींची चळवळ नव्हे. तिचा एक प्रवर्तक जॉन होल्ट हा शाळा या संस्थेवरच विश्वास न उरलेला शिक्षक होता. १९७७ मध्ये त्याने 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. दुसरी धारा रेमंड व डोरोथी मूर या ॲडव्हेंटिस्ट दांपत्याची. लहान मुलांना औपचारिक शिक्षणात फार लवकर जुंपू नये, आठ ते दहा वर्षांपर्यंत थांबले तरी चालेल, असे ते सांगत. त्यांचे 'बेटर लेट दॅन अर्ली' हे पुस्तक १९७५ मध्ये आले आणि ख्रिस्ती नभोवाणी कार्यक्रमांतून त्यांचे विचार घरोघरी पोहोचले. सरकारी शाळांनी घडवून आणलेली प्रार्थना व बायबलवाचन सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ च्या निर्णयांनी घटनाबाह्य ठरविले होते. त्यामुळे दुखावलेल्या पालकांना मूर यांचे म्हणणे पटले, यात नवल नाही. शिवाय 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा घरीदारी मुलांच्या मनावर बिंबविण्याचा जो आदेश आहे, तो ही कुटुंबे थेट आईबापांना दिलेला मानतात.

कायद्याची लढाई मात्र लांबली. सक्तीच्या शाळेचा पहिला राज्य-कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये केला आणि मिसिसिपीने १९१८ मध्ये ही मालिका पूर्ण केली. मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा आग्रह राज्याला धरता येणार नाही, हे १९२५ च्या 'पिअर्स' खटल्यात ठरले. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठविण्याचा आमिश पंथीयांचा हक्क १९७२ च्या 'योडर' खटल्यात मान्य झाला. तरीही ऐंशीच्या दशकात काही राज्यांत मुलांना घरी शिकविणाऱ्या पालकांवर खटले भरले जात होते. १९८३ मध्ये मायकेल फॅरिस व मायकेल स्मिथ या वकिलांनी स्थापन केलेल्या गृहशिक्षण विधी संरक्षण संघटनेने ही प्रकरणे लढविली, आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षणाला कायदेशीर वाट मिळाली. संघराज्याच्या शिक्षण-आकडेवारी केंद्राच्या अंदाजानुसार १९९९ मध्ये साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २००७ मध्ये पंधरा लाख. करोनाच्या साथीत, २०२० च्या वसंतात ५.४ टक्के कुटुंबे मुलांना घरी शिकवीत असल्याचे जनगणना विभागाला आढळले होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत हे प्रमाण ११.१ टक्के झाले. हेतूही बदलत गेले. २००७ च्या पाहणीत ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हे सर्वांत महत्त्वाचे कारण सांगितले होते. २०१६ मध्ये असे सांगणारे १६ टक्केच होते, आणि शाळेतील वातावरणाची चिंता पहिल्या क्रमांकावर आली होती.

वाट मिळाली ती आईबापांना. मावशीला मिळाली का, हा खरा प्रश्न आहे.

मराठीत मावशी, आत्या, काकू, मामी अशी चार नाती चार शब्दांनी वेगळी होतात. इंग्रजीत त्या सगळ्यांना एकच शब्द, आणि कायद्यात बहुधा एकही नाही. तेथे फक्त 'पालक' किंवा 'कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती' असते. पेनसिल्व्हेनियात घरच्या शिक्षणाची जबाबदारी घेणारी व्यक्ती पालक, नियुक्त पालनकर्ता किंवा मुलाचा कायदेशीर ताबा असलेली असावी लागते. वॉशिंग्टन राज्यातही आपल्याच मुलाला शिकविण्याची मुभा आहे आणि 'पालक' या शब्दाची व्याख्या अशाच धर्तीची आहे. अशा ठिकाणी बहिणीने तोंडी सांगितले, 'तूच शिकव', एवढ्याने भागत नाही. न्यायालयाकडून ताबा किंवा पालकत्वाचा आदेश मिळवावा लागतो. तो नसताना मुलांचे नाव शाळेतून काढले, तर कायद्याच्या दृष्टीने ती मुले विनाकारण गैरहजर ठरू शकतात. ज्या बहिणीला मदत करायची तिलाच मग नोटीस जाण्याचा संभव असतो.

नॉर्थ कॅरोलायनाची तरतूद या दृष्टीने उदार आहे. तेथील 'होम स्कूल' जास्तीत जास्त दोन कुटुंबांतील मुलांचे असू शकते, आणि त्यांपैकी कोणत्याही कुटुंबातील सदस्याला शिकविता येते. दोन बहिणींच्या मुलांची एकत्र शाळा या व्याख्येत नेमकी बसते. चालविणाऱ्याकडे माध्यमिक शाळा उत्तीर्ण झाल्याचे किंवा समकक्ष प्रमाणपत्र हवे. राज्याच्या खासगी शिक्षण विभागाला आधी कळवावे लागते. वर्षातले किमान नऊ महिने नियमित अध्यापन, हजेरी व लसीकरणाची नोंद, आणि दरवर्षी एक प्रमाणित चाचणी, एवढी बंधने. पुस्तके कोणती वापरावीत, हे सरकार सांगत नाही. टेक्सासमध्ये तर नोंदणीचीही गरज नाही. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगले नागरिकत्व हे विषय लेखी स्वरूपाच्या अभ्यासक्रमातून प्रामाणिकपणे शिकविले म्हणजे झाले. याउलट न्यूयॉर्कमध्ये हेतूचे पत्र, वैयक्तिक अध्यापन-आराखडा आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तासांचे अध्यापन अपेक्षित असते. टेनेसी, अलाबामा यांसारख्या राज्यांत चर्चशी संलग्न 'छत्र-शाळे'त नाव नोंदवून घरी शिकविण्याची प्रथा आहे. मुले राज्याच्या ताब्यात असतील, म्हणजे नातेवाइकांकडे 'फॉस्टर' म्हणून ठेवलेली असतील, तर मात्र संबंधित यंत्रणेच्या किंवा न्यायालयाच्या संमतीविना शाळा सोडवणे सहसा शक्य होत नाही.

म्हणून पहिले काम पुस्तकांच्या खरेदीचे नसून कागदपत्रांचे असते. ताब्याचा आदेश किंवा आईबापांचे लेखी अधिकारपत्र, जन्मदाखला, लसीकरणपत्र, जुन्या शाळेचे प्रगतिपुस्तक, आणि शाळेला द्यावयाचे नाव काढल्याचे पत्र. या पत्राची पोच घ्यावी. मुलाला वाचादोषासाठी किंवा अध्ययन-अक्षमतेसाठी शाळेत विशेष साहाय्य मिळत असेल, तर ते घरी आल्यावर चालू राहील की नाही, हे शाळा सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. शाळेत मिळणारे मोफत जेवणही बंद होते. दोन मुलांचे खाणे अचानक वाढलेल्या घराला ही बाब किरकोळ नसते.

पुस्तकांची निवड हा या कुटुंबांच्या चर्चेचा आवडता विषय. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील 'अबेका' आणि साउथ कॅरोलायनातील बॉब जोन्स विद्यापीठाचे मुद्रणालय हे दोन जुने प्रकाशक. दोघांचीही सुरुवात सत्तरच्या दशकातली, मुळात ख्रिस्ती शाळांसाठी. दर दिवसाचा पाठ, स्वाध्याय, चाचणी सगळे तयार मिळते. नवख्या मावशीला त्याचा मोठा आधार वाटतो. मात्र त्यात शाळाच घरी येते. आईपासून तुटलेल्या सात वर्षांच्या मुलाला दिवसाला चार कार्यपुस्तिका भरायला लावणे कितपत योग्य, याचा विचार करावा. विज्ञानाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पुस्तकांत सृष्टीची उत्पत्ती बायबलच्या शब्दशः अर्थानुसार मांडलेली असते. अशा काही पुस्तकांवर आधारलेले अभ्यासक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी ग्राह्य मानले नाहीत. त्याविरुद्धचा दावा २००८ मध्ये फेटाळला गेला आणि २०१० मध्ये अपिलातही विद्यापीठाचीच बाजू टिकली. पहिलीतल्या मुलाला याची झळ नाही. पण दिशा पुढेमागे निवडावीच लागते. उत्क्रांती न टाळता ख्रिस्ती संस्कार देणारी कुटुंबेही आहेत, त्यांचा आवाज लहान एवढेच.

लहान वयासाठी मला स्वतःला शार्लट मेसनची पद्धत अधिक समंजस वाटते. ही इंग्रज शिक्षणतज्ज्ञ (१८४२-१९२३) अँग्लिकन श्रद्धेची. १८९२ मध्ये तिने अँबलसाइड येथे अध्यापिकांसाठी विद्यालय काढले. सहा वर्षांपर्यंत औपचारिक पाठ नकोत, त्यानंतरही पाठ पंधरा-वीस मिनिटांचेच असावेत. रटाळ क्रमिक पुस्तकांऐवजी जिव्हाळ्याने लिहिलेली पुस्तके वाचून दाखवावीत. मुलाने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे. आणि दुपार उघड्यावर, झाडे-पाखरे पाहण्यात जावी, असे तिचे सूत्र. अमेरिकेत ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. १९८४ मध्ये सुझन शेफर मॅकॉले यांच्या 'फॉर द चिल्ड्रन्स सेक' या पुस्तकाने ख्रिस्ती घरांत तिचे पुनरागमन झाले. तिसरी शाखा 'अभिजात' शिक्षणाची. डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९४७ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानातून ती स्फुरली आणि जेसी वाइज व सुझन वाइज बाउअर या मायलेकींच्या १९९९ च्या 'द वेल-ट्रेन्ड माइंड'ने तिला व्यवहारी रूप दिले. पाठांतर, व्याकरण, लॅटिन यांवर तिचा भर आहे. परवचा आणि रामरक्षा यांवर वाढलेल्या आपल्या पिढीला ती अनोळखी वाटू नये.

पण आलेल्या मुलांना पहिल्या काही आठवड्यांत यातले काहीच नको असते. अनुभवी गृहशिक्षक शाळा सोडल्यानंतर एक विसाव्याचा काळ ठेवतात. नातेवाइकांच्या मुलांसाठी तो अधिकच आवश्यक. जेवणाझोपेच्या वेळा ठरलेल्या, सकाळी बायबलमधील एखादी गोष्ट, थोडे वाचून दाखवणे, स्वयंपाकघरातील मापे, बागेतले काम. एवढ्यावर महिना गेला तरी बिघडत नाही. मग वाचन आणि अंकगणित सुरू करावे. इयत्ता पाहू नये, मूल कुठे अडते ते पाहावे. दुसरीतल्या मुलाला अक्षरांचे ध्वनी येत नसतील तर तेथूनच, न लाजवता, प्रारंभ करावा. सहा वर्षांच्या मुलाला रोज दीड-दोन तासांचा बैठा अभ्यास पुरतो. मात्र राज्याने तासांचा हिशेब मागितला असेल, तर सहल, ग्रंथालय, संगीत हे सारे वहीत तारखेसह लिहून ठेवावे.

घरातली मुले आणि आलेली मुले यांची तुलना हा या टेबलावरचा सर्वांत नाजूक प्रसंग असतो. स्वतःची मुलगी वचने घडाघडा म्हणते आणि भाच्याला प्रार्थनेत डोळे मिटणेही अवघड जाते. त्याच्या घरी कदाचित प्रार्थना नसेल, किंवा वेगळ्या पंथाची असेल. मुलाच्या धार्मिक संगोपनावरील आईबापांचा हक्क ताबा तात्पुरता दुसऱ्याकडे गेल्याने आपोआप संपत नाही. तेव्हा काय शिकविणार, बाप्तिस्म्याचा प्रश्न आला तर काय, हे बहिणीशी आधी बोलून घेणे आणि शक्य तर लिहून ठेवणे बरे. श्रद्धा हा शिक्षेचा विषय होऊ नये. वचन पाठ नाही म्हणून आईचा फोन चुकला, असे एकदा जरी झाले तरी मूल ते विसरत नाही.

गृहशिक्षणावरील गंभीर आक्षेपही येथेच डोकावतो. शाळेतील शिक्षक मुलाच्या अंगावरचे वळ पाहतात, त्याची उपासमार ओळखतात, आणि कळविण्यास कायद्याने बांधलेले असतात. घरी शिकणाऱ्या मुलाला रोज पाहणारे असे बाहेरचे डोळे उरत नाहीत. स्वतः घरी शिकून मोठे झालेल्या काही तरुणांनी २०१३ मध्ये जबाबदार गृहशिक्षणासाठी एक संघटना काढली, ती याच चिंतेतून. हार्वर्डच्या प्राध्यापिका एलिझाबेथ बार्थोले यांनी २०२० मध्ये गृहशिक्षणावर कडक निर्बंधांची मागणी केली, तेव्हा मोठे वादळ उठले. सरसकट संशय अन्यायाचा आहे. तरी ज्या मुलांवर आधीच आघात झाला आहे, त्यांच्यासाठी बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक, चर्चमधील साप्ताहिक सहशिक्षण-गट, पोहण्याचा वर्ग अशी बाहेरची माणसे मुद्दाम जोडून घ्यावीत, हे बहुतेक समंजस कुटुंबांना पटते.

आपल्याकडे हे चित्र कसे दिसेल? सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पालकांचे मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य सांगितले आहे, पण गृहशिक्षणाचा उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षेचीही तरतूद नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतील मोजकी कुटुंबे मुलांना घरी शिकवितात आणि चौदा वर्षांनंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी देववितात. सतरा नंबरचा अर्ज तर आपल्याला जुनाच परिचयाचा. वसई वा गोव्याच्या ख्रिस्ती समाजात मात्र अमेरिकेसारखी धार्मिक गृहशिक्षणाची चळवळ उभी राहिली नाही. त्यांच्याकडे चर्चच्याच शाळा होत्या, आणि त्या चांगल्या होत्या.

अमेरिकेतील मावशीच्या टेबलाकडे परत येताना एक व्यावहारिक गोष्ट सांगायची राहिली. अशा बहुतेक व्यवस्था तात्पुरत्या म्हणून सुरू होतात. आई बरी होऊन परतली, तर मुलांना पुन्हा शाळेत जायचे असते, आणि तेथे त्यांची इयत्ता शाळाच ठरवते. प्राथमिक वर्गांत अडचण सहसा येत नाही. एखादी चाचणी घेतली जाते. त्या दिवसासाठी प्रत्येक मुलाच्या नावाची एक फाइल ठेवावी : वाचलेल्या पुस्तकांची यादी, दर महिन्याचा एक लिहिलेला कागद, एक गणिताचे पान, एक चित्र, चाचणीचा निकाल. तिची एक प्रत शाळेला द्यावी. मूळ फाइल मात्र आईच्या हाती द्यावी. त्या महिन्यांत मुले कशी होती, हे तिला त्यातूनच कळायचे असते.