५० हर्ट्झ आणि भद्रावती : एका तुटलेल्या वर्तुळाचा इतिहास

१/ भद्रावती म्हटले की विजासन लेणी आणि जैन मंदिर डोळ्यांसमोर येते. चंद्रपूर जिल्ह्यातील या गावाजवळ इतिहासप्रेमींनी दखल घ्यावी अशी आणखी एक वास्तू आहे : १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिलेले वीज केंद्र. एका बाजूने आलेली एसी वीज येथे डीसी केली जाते आणि त्याच आवारात पुन्हा एसी करून दुसऱ्या बाजूला सोडली जाते. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

२/ उत्तर ५० या आकड्यात आहे. भारतातील एसी वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. हीच ५० हर्ट्झ वारंवारता. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जनित्रे मंदावतात आणि वारंवारता घसरते. मागणी घटली की ती चढते. वारंवारता म्हणजे संपूर्ण वीजजाळ्याची नाडी. ती सांभाळायची कशी, हा प्रश्न विजेच्या युगाहूनही जुना आहे.

३/ १७८८ साली जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे जोडले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई; वेग घटला की झडप उघडे. हाच गव्हर्नर. परिणाम मोजायचा आणि त्यावरून कारण सुधारायचे, हे फीडबॅकचे, म्हणजे प्रत्याभरणाचे तत्त्व.

४/ मात्र काही गव्हर्नर वेग स्थिरावण्याऐवजी यंत्राला हेलकावे देत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ च्या निबंधात याचे गणित मांडले. सुधारणा योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात झाली नाही, तर उपायच अपाय ठरतो. नियंत्रणशास्त्र शिकू लागणारा विद्यार्थी आजही तीच आकृती काढतो : अपेक्षित मूल्य, मोजलेले मूल्य, दोहोंतील फरक, सुधारणा, आणि पुन्हा मोजणी.

५/ आता चंद्रपूर. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. १९९७ पर्यंत संच सात झाले आणि क्षमता २३४० मेगावॉटवर पोहोचली. अशा प्रत्येक टर्बाइनला गव्हर्नर असतो. वॉटच्या गोळ्यांचाच हा वंशज.

६/ तरीही त्या काळी देशातील वारंवारता ५० वर टिकत नसे. संध्याकाळी ती ४९ च्याही खाली जाई, मध्यरात्री ५१ च्या वर. गव्हर्नर मोकळा सोडला तर संच सतत वरखाली होणार, म्हणून अनेक केंद्रांत तो अडवून ठेवला जाई. टंचाईच्या वेळी जादा वीज ओढणाऱ्या राज्याला वेगळी किंमत मोजावी लागत नसे. प्रत्येकाचे वागणे आपापल्या जागी समजण्याजोगे होते. एकत्रित परिणाम घातक होता. साधन होते, वर्तुळ तुटलेले होते.

७/ म्हणून शेजारची जाळी एकमेकांना थेट जोडणे अवघड झाले. पश्चिमेची नाडी वेगळी, दक्षिणेची वेगळी. डीसी विजेला वारंवारताच नसते. त्यामुळे ती मधला दुभाषी होऊ शकते. भद्रावतीचे १००० मेगावॉटचे केंद्र रामगुंडमच्या बाजूच्या दक्षिण जाळ्याशी पश्चिमेचा व्यवहार घडवू लागले, तो याच मार्गाने.

८/ १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात नवी दरपद्धती लागू झाली. तिचे शिल्पकार अभियंता भानू भूषण. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर घेतलेल्या किंवा दिलेल्या विजेचा दर वारंवारतेशी बांधला गेला आणि हिशेब दर १५ मिनिटांचा झाला. वारंवारता घसरली की जादा वीज ओढणे महाग. चढली की जादा निर्मिती तोट्याची. वॉटच्या गोळ्यांचे काम आता पैसा करू लागला.

९/ नाडी सुधारली, तशी जाळी जुळली. २००३ मध्ये पश्चिम आणि पूर्व एकत्र आले, २००६ मध्ये उत्तरही जोडले गेले. दक्षिण मात्र अजून भद्रावतीसारख्या डीसी दुव्यांपलीकडेच होते.

१०/ ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी पडली. सुमारे ६० कोटी लोकांना झळ बसली. पश्चिम आणि दक्षिण वाचले. चौकशीत जुनेच दुखणे पुढे आले : अनेक गव्हर्नरांनी अपेक्षित प्रतिसाद दिला नव्हता आणि घसरत्या वारंवारतेला भार आपोआप तोडणारी यंत्रणाही पुरेशी चालली नव्हती. नियम होते, वर्तुळ अजूनही जागोजागी तुटलेले होते.

११/ ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर वाहिनीने दक्षिणही जोडले गेले आणि देशाची नाडी एक झाली. भद्रावतीचे केंद्र मात्र निकामी झाले नाही. कोणत्या दिशेला किती वीज जावी, हे ठरवण्यासाठी त्याचा उपयोग राहिला.

१२/ याच चंद्रपूरने २००९ मध्ये आणखी एक आकडा पाहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात ७० च्या वर म्हणजे अतिगंभीर, चंद्रपूर ८३.८८. २०१० च्या जानेवारीत अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांना काही काळ स्थगिती मिळाली. वारंवारतेत चूक झाली तर काही सेकंदांत अंधार होतो, म्हणून ती सर्वांना दिसते. हवेतील चूक फुप्फुसांत उतरायला वर्षे लागतात. मोजणी झाली म्हणजे प्रत्याभरण झाले असे नव्हे. मोजलेला आकडा झडपेपर्यंत पोहोचावा लागतो. भद्रावतीचा इतिहास तेवढेच सांगतो.