पेटलेलं टोक आत : गोव्याच्या धुमटीची गोष्ट

पेण-रोह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर आपट्याचं पान फक्त दसऱ्याला कामाला येत नाही. त्यात तंबाखू गुंडाळून विडीही वळतात. आता पेणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याने मनानेच खाली गोव्यात उतरा. तिथे आपट्याच्या जागी फणसाचं पान येतं, कधी केळीचं सुकलेलं पान. आकार निमुळता, सुरळीसारखा. हा गावठी चिरूट म्हणजे धुमटी.

इथपर्यंत नवल काही नाही. नवल आहे ते ओढण्याच्या पद्धतीत. काही जणी, हो, मुख्यतः बायकाच, धुमटीचं पेटलेलं टोक तोंडात धरत आणि ओठ मिटून झुरका घेत.

यात नक्की काय होतं ते बघू. साध्या विडीत हवा पेटलेल्या टोकातून आत शिरते. धूर उरलेल्या तंबाखूतून प्रवास करत, थोडा निवत तोंडात येतो. उलट्या धुमटीत हवा बाहेरच्या थंड टोकातून येते आणि विस्तव थेट टाळूखाली असतो. धुराला निवायला वाटच नाही! उलट्या धूम्रपानात तोंडातल्या हवेचं तापमान १२० अंश सेल्सियसपर्यंत आणि टाळूचं ५८ अंशांपर्यंत गेल्याची मोजमापं १९६५ साली प्रसिद्ध झाली आहेत. ओठ ओले असतात म्हणून भाजत नाहीत, आणि सवयीने चटकाही जाणवेनासा होतो.

मग असं ओढायचं कशाला? वाऱ्या-पावसात विस्तव विझत नाही, राख कपड्यांवर पडत नाही, चिरूट जास्त वेळ पुरतो, आणि बाहेरून पटकन कुणाच्या लक्षात येत नाही, अशी कारणं सांगितली जातात.

संशोधकांच्या मात्र हे लक्षात आलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) डॉ. फली मेहता यांच्या गटाने १९६०च्या दशकात गावोगाव घरी जाऊन लोकांची तोंडं तपासायला सुरुवात केली. कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग त्यांच्यासोबत होते. आंध्रच्या श्रीकाकुलम भागातही चुट्टा नावाचा चिरूट उलटा ओढतात. तिथल्या १०,१६९ गावकऱ्यांचा अभ्यास १९७१ साली छापून आला. त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त लोक उलटा चुट्टा ओढणारे निघाले. १९७६ साली गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांचा, खास उलट्या धुमटीवरचा अभ्यास आला.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हा वाटतो : खुणा कुठे उमटतात? तंबाखू चघळणाऱ्यांत साधारणपणे गालाच्या आतल्या बाजूला, जिथे तोबरा ठेवतात तिथे. उलटं ओढणाऱ्यांत टाळूवर, जिथे तोंडाचा कर्करोग एरवी क्वचित होतो. तंबाखू तीच, पण जागा बदलली की रोगाचीही जागा बदलते. प्रयोगशाळेत असा प्रयोग माणसांवर कुणी करूच शकत नाही. तो या बायकांच्या आयुष्यात आपोआप घडून गेला होता.

हे काम नुसतं मोजून थांबलं नाही. याच गटाने पुढे तीन जिल्ह्यांतल्या ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्याबद्दल समजावलं. त्याचा अहवाल १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. काहींनी तंबाखू सोडली, काहींनी कमी केली आणि तोंडात नव्याने होणारे पांढरे चट्टेही घटले.

आता परत आपल्या कोकणात या. इथे कितीतरी घरांत मशेरी तव्यावर भाजली जाते. आजीला किंवा मावशीला विचारा, ‘तुम्ही विडी ओढता का?’ ती ‘नाही’ म्हणेल आणि ते खरंही असेल. म्हणून प्रश्न बदलायला हवा : तंबाखू कुठल्या रूपात घेता, आणि तोंडात कुठे ठेवता? उत्तर आलं की तीच जागा उजेडात नीट बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर दाताच्या डॉक्टरकडे न्या. तपासायला पाच मिनिटं पुरतात.