हिमनदाच्या खुणा



'मधुचंद्र' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या पाठोपाठ आला. परंतु लग्नानंतर नव्या जोडप्यानें घराबाहेर पडावें व कांहीं पाहून यावें, ही कल्पना मात्र आपणांस नवी नाहीं. अंगाची हळद उतरण्यापूर्वींच जोडीनें जाऊन कुलदैवताच्या पायांवर डोकें ठेवून यावें, अशी रीत आपल्या घरांघरांतून चालत आलेली आहे. नागभीड, ब्रह्मपुरी, चामोर्शी या मुलखांतील माणसास यात्रा म्हटली कीं मार्कंड्याची आठवण होते. तेथें वैनगंगा आपला दक्षिणेचा मार्ग क्षणभर विसरते आणि कांहीं अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी पुण्यप्रद, म्हणून तिच्या कांठीं शिवालयें उभीं राहिलीं आणि महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरूं लागली.

आतां हीच उत्तरेची ओढ फार लांब जाऊन पोहोंचली आहे. मराठी घरांतील नवीं जोडपीं हल्लीं अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यानें बोटींतून अलास्काच्या सफरीस निघतात. आपण अशी कल्पना करूं, कीं नागभीडचें एक जोडपें अशा एका बोटीवर चढलें आहे. व्हँकुव्हर बंदर मागें पडलें. दोहों बाजूंस बेटें आणि त्यांवर पाण्यापर्यंत उतरलेलें काळेंभोर सूचिपर्णी अरण्य. मधून मधून केचिकान, जूनो, स्कॅग्वे अशीं लहान बंदरें. आणि अखेर जिला 'हिमनदांची खाडी' म्हणतात, त्या ग्लेशियर बे मध्यें समोर उभी राहिलेली निळसर बर्फाची भिंत. तिचा एखादा कडा सुटून पाण्यांत कोसळतो, तोफ सुटल्यासारखा आवाज होतो, आणि बोटीवरचे सगळे लोक कठड्याशीं धांवतात. आमचें जोडपेंहि धांवतें. दोघांच्या मनांत एकच विचार येतो, कीं असला देखावा आपल्या उन्हाच्या देशांत स्वप्नींहि दिसावयाचा नाहीं.

या ठिकाणीं त्यांची चूक होत आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. हिम, अरण्य आणि बंदर हीं तिन्ही दृश्यें त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या इतिहासांत येऊन गेलेलीं आहेत. फरक इतकाच, कीं त्यांच्या खुणा आपण वाचावयास शिकलों नाहीं.

प्रथम हिम घेऊं. नागभीडहून नैर्ऋत्येस, चंद्रपूरच्याहि पलीकडे, पैनगंगेच्या कांठीं इरई नांवाचें गांव आहे. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यांतील फ्रॅन्सिस फेडन या अधिकाऱ्यानें १८७५ सालीं त्या गांवाजवळच्या खडकाची हकीकत प्रसिद्ध केली. तो चुनखडीचा खडक वरून घांसून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकमेकींस समांतर असे सरळ ओरखडे होते. वाहतें पाणी दगड गुळगुळीत करतें, हें आपण नदीकांठीं नित्य पाहतों. पण पाण्याला सरळ रेघ ओढतां येत नाहीं. तें काम हिमनदाचें. डोंगरावरून अगदीं संथपणें सरकणाऱ्या बर्फाच्या तळाशीं दगडगोटे घट्ट रुतून बसलेले असतात. वरच्या प्रचंड ओझ्याखालीं ते खालच्या खडकावर पटाशीसारखे घासले जातात आणि आपल्या वाटेची रेघ कोरून ठेवतात. इरईच्या त्या खडकावर चिखल आणि लहानमोठे धोंडे यांचा मिसळलेला थर आहे. नदी दगड निवडून ठेवते, मोठे मागें व बारीक पुढें; हिम मात्र वितळतांना सगळें ओझें एकाच जागीं टाकून देतें. ओडिशांतील तालचेर येथें याच जातीचे धोंडे मातीच्या थरांत पाहून १८५६ सालींच शास्त्रज्ञांनीं बर्फाचें नांव घेतलें होतें, तेव्हां पुष्कळांस तें पटलें नव्हतें. इरईच्या खडकानें त्या तर्कास भरभक्कम साक्ष मिळाली.

ही गोष्ट सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वींची आहे. त्या वेळीं आपली ही भूमि येथें नव्हती. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाभोंवतींचा प्रदेश हे सारे एकाच महाखंडाचे भाग होते, आणि आपला भाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. खंडें सरकतात, हा विचार आल्फ्रेड वेगनर यानें १९१२ सालीं मांडला, तेव्हां इरईच्या बर्फाचें कोडें उलगडण्याचा मार्ग दिसला. त्या महाखंडास शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें, तें ऐकून आमच्या जोडप्यास अभिमान वाटावा. तें नांव 'गोंडवन'. मध्य भारतांतील गोंडांच्या देशावरून तें घेतलें. चंद्रपूरच्या कोटाच्या भिंतींत ज्या गोंडांचें राज्य नांदलें, त्यांचें नांव आज जगांतील प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

हिम गेलें आणि त्या ओल्या, थंड जमिनीवर अरण्य उभें राहिलें. जिभेच्या आकाराचें पान असलेलीं ग्लॉसॉप्टेरिस नांवाचीं झाडें त्यांत विपुल होतीं. दलदलींत तीं पडलीं, गाडलीं गेलीं, आणि कोट्यवधि वर्षांनीं त्यांचा कोळसा झाला. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळसा तो हाच. वरोड्यास १८७१ पासून १९०६ पर्यंत सरकारी खाण चालली. पुढें बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथें खाणी निघाल्या. आपल्या जिल्ह्याचें वैभव ज्यावर उभें आहे, तो कोळसा म्हणजे हिमनदाच्या माघारीनंतर वाढलेलें अरण्य होय. अलास्कांत आज हाच क्रम डोळ्यांदेखत चालला आहे. जेथून बर्फ हटतें, तेथें आधीं शेवाळ, मग झुडुपें, मग उंच वृक्ष येतात. बोटीवरून दिसणारें कांठचें अरण्य पुष्कळ ठिकाणीं दोनशें वर्षांपूर्वीं बर्फाखालीं होतें.

या दोन अरण्यांत राहणाऱ्या माणसांचीं नशिबेंहि एकमेकांशीं मिळतींजुळतीं आहेत. ग्लेशियर बे ही मूळची ट्लिंगिट लोकांची वसाहत. अठराव्या शतकांत हिमनद पुढें सरसावला, तेव्हां त्यांना गांव सोडावें लागलें. बर्फ मागें गेलें तेव्हां तेथें सरकारी हद्द आली. १८६७ सालीं रशियानें अमेरिकेला अलास्का ७२ लाख डॉलरांस विकलें. त्या सौद्यांत तेथील रहिवाशांना कोणी विचारलें नाहीं. १९०७ सालीं तेथें टाँगस नांवाचें राखीव अरण्य जाहीर झालें. तें दीड कोटी एकरांहून मोठें आहे. आपल्याकडे अहेरीच्या जमीनदारींतला साग ओंडक्या-ओंडक्यांनीं प्राणहिता आणि गोदावरीच्या पाण्यावरून राजमहेंद्रीकडे सोडला जाई. आणि त्याच जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माडिया आपल्याच भूमींत परवानगी मागणारा झाला. हा अन्याय पुसण्याचा आरंभहि याच मुलखांत झाला. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामुदायिक हक्क मिळाला. नागभीडच्या शेजारीं घोडाझरीचें अरण्य २०१८ सालीं अभयारण्य झालें. अरण्य राखावयाचें तें कोणापासून आणि कोणासाठीं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

राहतां राहिलें बंदर. बंदर आणि चांदा जिल्हा, हे शब्द एकत्र ऐकून आपणांस हसूं येईल. पण एक काळ असा होता, कीं लंडन व मँचेस्टर येथें बसलेले लोक आपल्या नद्यांचे नकाशे पसरून तासन्‌तास विचार करीत होते. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. कापूस वऱ्हाडांत आणि नागपूर प्रांतांत होता. तो समुद्रापर्यंत न्यावयाचा कसा? गोदावरीच्या मुखाशीं धवळेश्वरम्‌चा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटननें उत्तर दिलें, कीं नदीनें. वर्धेतून प्राणहितेंत, प्राणहितेंतून गोदावरींत आणि तेथून बंगालच्या उपसागरांत कापसाच्या गांठी बोटींनीं जाव्यात. मार्गांत खडकांचे तीन अडसर होते. पहिला दुम्मगुडेम येथें, दुसरा इंचमपल्ली येथें आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथें. ते टाळण्याकरितां कालवे आणि बोटी चढविण्या-उतरविण्याचे दरवाजे बांधण्याचें काम हेग नांवाच्या लष्करी इंजिनियराच्या देखरेखीखालीं चाललें. १८६० सालीं निजामाकडून इंग्रजांकडे आलेलें सिरोंचा हें त्या वेळीं वरच्या गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. बेत सिद्धीस जाता, तर सिरोंचा आज गजबजलेलें बंदर असतें.

तो बेत सिद्धीस गेला नाहीं. उन्हाळ्यांत नदी आटे, पावसाळ्यांत ती कोणाचें ऐकत नसे, आणि रानांतील हिंवतापानें माणसें टिकत नसत. इतक्यांत १८६७ सालीं मुंबईहून आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि १८७१ सालीं नदीचें काम सोडून देण्यांत आलें. बंदर नदीमुळें वसतें, आणि रस्ता बदलला म्हणजे ओसाड पडतें.

आमचें जोडपें स्कॅग्वे बंदरांत उतरेल, तेव्हां हीच कथा त्यांना तेथें भेटेल. १८९७ सालीं सोन्याची वार्ता पसरली आणि हजारों लोक त्या चिमुकल्या किनाऱ्यावर लोटले. त्यांच्यासाठीं डोंगर फोडून तीन फूट रुंदीची लहान आगगाडी बांधली गेली. १९०० सालीं ती एकशेंदहा मैल दूर व्हाइटहॉर्सपर्यंत पूर्ण झाली. सोनें सरलें, १९८२ सालीं गाडीहि बंद पडली, आणि १९८८ सालीं केवळ प्रवाशांच्या करमणुकीकरितां ती पुन्हां सुरू झाली. त्या डब्यांत बसतांना नागभीडच्या माणसाला घर आठवल्यावांचून कसें राहील? नागपूर–नागभीड ही अडीच फुटांची छोटी गाडी १९०८ सालीं सुरू झाली. माणसें, धान्य आणि जंगलाचा माल घेऊन ती एका शतकाहून अधिक काळ रानांतून धांवली आणि २०१९ सालीं रुळांचें रुंदीकरण करण्यासाठीं थांबली. एका लहान गाडीला प्रवाशांनीं वांचविलें, दुसरीला मोठ्या गाडीनें जागा सोडावयास लावली. दोहोंकडे गांवाचें नशीब मात्र रुळांवरूनच चाललें.

आतां शेवटची आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १७९४ सालीं व्हँकुव्हर या दर्यावर्दी कप्तानाच्या लोकांनीं ग्लेशियर बे पाहिली, तेव्हां ती खाडी नव्हतीच. जवळजवळ मुखापर्यंत बर्फ होतें. १८७९ सालीं जॉन म्यूर तेथें गेला, तेव्हां बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागें हटलेलें होतें. १९१६ पर्यंत तें सुमारे पासष्ट मैल मागें गेलें. या पहिल्या माघारीचा दोष कारखान्यांच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं. ती धुराड्यांचा सुकाळ होण्यापूर्वींच सुरू झाली होती. परंतु आज जगांतील बहुतेक हिमनद ज्या वेगानें झिजत आहेत, त्यास कोळसा आणि तेल जाळून आपण तापविलेली हवा कारण आहे, याविषयीं शास्त्रज्ञांत आतां मतभेद उरलेला नाहीं. १९८३ पासून चंद्रपुराजवळ कोळशावर मोठें वीजकेंद्र चाललें आहे. त्याच्या विजेनें महाराष्ट्रांतील किती तरी घरांत दिवे लागले, आणि त्याच्या राखेचा व धुराचा भार चंद्रपूरकरांनीं सोसला. म्हणजे पाहा, आपल्या हिमानंतर जें अरण्य वाढलें, त्याचा कोळसा झाला. तो कोळसा आपण जाळतों, आणि त्याची ऊब दूर उत्तरेच्या हिमाला लागते. बोटीच्या कठड्याशीं उभें राहून जो कडा कोसळतांना आमचें जोडपें पाहत आहे, त्याचा व त्यांच्या घरांतल्या दिव्याचा संबंध असा आहे. त्यांनीं दिवा विझवावा, असें मी म्हणत नाहीं. पण तो कशावर जळतो, हें त्यांना ठाऊक असावें.

म्हणून माझी एक विनंति आहे. इरईचा तो खडक ज्या जातीच्या चुनखडीचा आहे, तिच्यावर राजुरा व कोरपना या तालुक्यांतील सिमेंटचे कारखाने चालतात. चुनखडी पुष्कळ आहे; हिमानें कोरलेली चुनखडी फार थोडी आहे. तिला सुरुंग किंवा छिन्नी लागूं नये. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शिक्षकांनीं नदीचें पाणी ओसरल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना तेथें न्यावें आणि त्या रेघांवरून त्यांना हात फिरवूं द्यावा.

आमचें जोडपें परत येईल, सोयऱ्याधायऱ्यांस छायाचित्रें दाखवील, आणि घरचीं वडील माणसें म्हणतील, "आतां एकदां मार्कंड्यालाहि जाऊन या." त्यांनीं अवश्य जावें. मात्र त्याच फेरींत एक दिवस काढून त्यांनीं पैनगंगेच्या कांठालाहि जावें. अलास्कांत त्यांना बर्फाच्या भिंतीस हात लावतां आला नसेल. येथें त्या बर्फाच्या पावलांवर हात ठेवतां येईल.